जुने दप्तर आणि नवी भाषा

रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल ह्या लहानशा गावी १८६५ साली जन्मलेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांस महाराष्ट्र ‘रियासतकार’ म्हणून ओळखतो. बडोद्याची दीर्घ चाकरी संपल्यावर, ज्या वयात माणूस विश्रांतीचा विचार करतो त्या वयात, त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद छापून काढण्याचे काम अंगावर घेतले. १९३० ते १९३४ ह्या काळात त्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. दप्तर मोडी लिपीत होते, हजारो रुमालांत बांधलेले होते; परंतु मोडी सराईतपणे वाचणारी माणसे त्या काळी मिळत होती, म्हणून ते काम तडीस गेले. मोडी जाणणारा मनुष्य आज शोधून काढावा लागतो. पुराभिलेख खात्याला मोडीचे वर्ग चालवावे लागतात, आणि घरातील फडताळात सापडलेला आजोबांचा खरेदीखताचा कागद नातवास चित्रासारखा नुसता पाहावा लागतो.

हा बदल कोणी दुष्टबुद्धीने केला नव्हता. मोडी ही बोरूची लिपी. हात न उचलता झरझर लिहिता यावे हा तिचा गुण, आणि दरबारी कारकुनास तोच गुण हवा होता. पुढे छापखाना आला. सुट्या खिळ्यांस सुटी अक्षरे मानवतात; तेथे बालबोध अधिक सोयीची ठरली. मुंबई सरकारने १९१७ साली कारभारात मोडीच्या जागी बालबोध आणण्याचे ठरविले, त्यामागे सोय आणि सर्वत्र एकसारखेपणा हीच कारणे होती. निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. मात्र नवी लिपी आली म्हणून जुने कागद आपोआप नव्या लिपीत गेले नाहीत. लिहिण्याची रीत एका ठरावाने बदलता येते. लिहून ठेवलेले बदलावयास पिढ्या लागतात.

हाच प्रश्न संगणकाच्या जगात एका मनुष्याच्या आयुष्यात चार-पाच वेळा उभा राहिला आहे. संगणकास काम सांगावयाचे ते एखाद्या ठरावीक भाषेत. ती भाषा जुनी झाली, ती बनविणारी कंपनी पाठ फिरवून बसली, अथवा ती जाणणारी माणसे निघून गेली, म्हणजे कार्यालयास नवी भाषा निवडावी लागते. ती निवड कशी करावी, ह्याविषयी तज्ज्ञांत आजही कडाक्याचे वाद होतात. त्या वादांपेक्षा इतिहास अधिक बोलका आहे, आणि त्या इतिहासाचा एक मोठा भाग मुंबईतच घडला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ च्या सुमारास रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण मंडळींनी स्वतः संगणक बांधावयास घेतला. त्यांपैकी कोणीही पूर्वी असे यंत्र बांधलेले नव्हते. आधी एक लहान नमुना तयार झाला, आणि त्यावरून बांधलेले मोठे यंत्र १९६० साली कामास लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. आजच्या खिशातील दूरध्वनीपुढे त्याची शक्ती नगण्य. परंतु त्या काळी ह्या देशात ते मोठेच धाडस होते.

ह्या यंत्रास काम सांगावयाचे तर ते त्याच्याच अंकांत सांगावे लागे. यंत्राच्या लेखी शून्य आणि एक ह्यांपलीकडे काही नाही. अमक्या खान्यातील संख्या उचल, तमक्या खान्यातील संख्येत मिळव, उत्तर अमुक ठिकाणी ठेव, अशी प्रत्येक आज्ञा अंकांत मांडावी लागे. एक अंक चुकला की सारे गणित बिघडे, आणि चूक कोठे झाली हे शोधण्यात दिवस जात. तथापि सर्वांत मोठी अडचण वेगळीच होती. असे लिहिलेले काम त्या एकाच यंत्राचे असे. शेजारच्या यंत्रास त्यातील एक ओळही कळत नसे. यंत्र मोडीत निघाले की त्यासाठी लिहिलेली विद्याही त्याच्याबरोबर मोडीत निघावयाची.

ह्या अडचणीवर पाश्चात्य देशांत तोपर्यंत उपाय निघाला होता. अमेरिकेत ग्रेस हॉपर ह्या विदुषीने १९५२ च्या सुमारास असे सुचविले, की यंत्राच्या अंकांत उतरविण्याचे कंटाळवाणे काम यंत्रावरच सोपवावे. मनुष्याने आपल्यास समजेल अशा खुणांत लिहावे, आणि एका दुभाष्या आज्ञावलीने त्याचे अंकांत भाषांतर करावे. ह्या दुभाष्यास ‘कंपायलर’ म्हणतात. पुढे आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या मंडळीने १९५७ साली ‘फोर्ट्रान’ ही भाषा सिद्ध केली. गणिताची सूत्रे वहीत लिहितात जवळजवळ तशीच तीत लिहिता येत. जुन्या जाणत्या लोकांनी प्रथम नाके मुरडली. हाताने लिहिलेल्या आज्ञांची सर ह्या यांत्रिक भाषांतरास कशी येणार, असा त्यांचा आक्षेप होता. बॅकस यांच्या मंडळीने दुभाष्या इतक्या काळजीने बनविला, की आक्षेपाचे बळच गेले. थोडासा वेग गेला तरी मनुष्याचे महिनेच्या महिने वाचतात, हा हिशेब लोकांस पटला.

व्यापारी हिशेबांसाठी १९५९ साली अमेरिकन सरकारच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांचे लोक एकत्र बसले, आणि त्यातून ‘कोबॉल’ ही भाषा निघाली. तिची वाक्ये साध्या इंग्रजीसारखी लांबलचक असत. पंडितांस ती रुचली नाही. परंतु १९६० च्या डिसेंबरात एकच कोबॉल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. लिहिलेले काम यंत्रापासून वेगळे होऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आज कोणी नवी भाषा निवडावयास बसला, तर त्याने पहिला प्रश्न विचारावा तो हाच: यंत्र अथवा ते विकणारा व्यापारी बदलला, तर आपले काम आपल्याजवळ राहते की त्याच्याबरोबर जाते?

मुंबईस ह्या प्रश्नाचे उत्तर १९६४ साली मिळाले. त्या वर्षी टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला, आणि त्याच सुमारास टिफ्रॅकचे आयुष्य संपले. नव्या यंत्राबरोबर फोर्ट्रान आली. देशातील ठिकठिकाणचे संशोधक भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन त्या यंत्राकडे येऊ लागले. त्यांस यंत्राच्या पोटातील रचना ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. सूत्र मांडता येणे पुरेसे होते. टिफ्रॅकसाठी अंकांत लिहिलेले काम नव्या यंत्रास निरर्थक होते. पुन्हा हवे असेल तर ते मुळापासून मांडणे भाग होते. परंतु फोर्ट्रानमध्ये जे लिहिले गेले, ते सीडीसी यंत्र जाऊन दुसरे आले तरी थोड्याफार फरकाने चालण्याजोगे होते. टिफ्रॅकमुळे देशास संगणक बांधणारी माणसे मिळाली. कामाची भाषा मात्र दुसरीकडून घ्यावी लागली, आणि ती घेण्यात कोणी कमीपणा मानला नाही.

एकदा चांगली भाषा घेतली म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था स्थापन झाली. फकीरचंद कोहली हे तिचे धुरीण. १९७४ च्या सुमारास तिला बरोज ह्या अमेरिकन कंपनीकडून एक काम मिळाले. रुग्णालयाच्या हिशेबाची एक आज्ञावली बरोजच्या मध्यम यंत्रांसाठी कोबॉलमध्ये लिहिलेली होती. ती त्याच कंपनीच्या लहान यंत्रांवर चालेल अशी करून द्यावयाची होती. कंपनी एक, भाषेचे नावही एक. तरीही काम सरळ उचलून नेता येत नव्हते, कारण दोन यंत्रांवरील कोबॉलमध्ये फरक होता. रत्नागिरीची मराठी आणि नागपूरची मराठी एकच खरी. पण मनुष्य जो फरक हसून सोडून देतो, त्यावर यंत्र अडून बसते.

दुसरी अडचण अशी, की त्या वेळी मुंबईत ह्या मंडळींजवळ बरोजचे यंत्रच नव्हते. होते ते इंग्लंडमधील आयसीएल कंपनीचे १९०३ हे यंत्र. तेव्हा त्यांनी त्या यंत्रावर एक गाळणी-आज्ञावली लिहिली. एका बाजूने जुन्या वळणाचे कोबॉल आत घालावे, दुसऱ्या बाजूने नव्या वळणाचे बाहेर यावे, अशी ती युक्ती. प्रत्येक ओळ हाताने लिहून काढण्यापेक्षा दोन बोलींतील फरक नीट पारखून त्याचे नियम बसविले, तर उरलेले कष्ट यंत्र करते. मुंबईच्या आज्ञावली-व्यवसायाने परदेशात जे नाव मिळविले, त्याच्या पायथ्याशी जुने काम नव्या जागी नेण्याची ही कला आहे.

१९७८ साली आयबीएमने हिंदुस्थानातून आपला व्यवसाय गुंडाळला. परकीय भांडवलाविषयीच्या कायद्यावरून सरकारशी तिचे जमले नव्हते. देशभर तिची यंत्रे कार्यालयांतून चालत होती. त्यांची देखभाल सीएमसी ह्या सरकारी कंपनीकडे आली आणि कामे चालू राहिली. विकणारा निघून जाऊ शकतो, ही गोष्ट मात्र हिंदी कार्यालयांस तेव्हा प्रत्यक्ष अनुभवास आली.

ह्यापुढील काळ लहान संगणकांचा. १९८० नंतर टेबलावर मावणारी यंत्रे आली, आणि जिल्ह्याच्या गावांतील बँका, पतसंस्था, दुकाने व कार्यालये ह्यांच्यापर्यंत संगणक पोचला. तेथे कोबॉलचे अवडंबर परवडणारे नव्हते. तेथे ‘फॉक्सप्रो’ने घर केले. खातेवहीसारखे तक्ते उघडावे, पडद्यावर नमुना मांडावा, छापील यादी काढावी, एवढे एकटा हुशार मनुष्य थोड्या आठवड्यांत करून देऊ शके. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती बनविणारी कंपनी विकत घेतली. २००४ साली तिची नववी आवृत्ती निघाली. २००७ साली कंपनीने जाहीर केले की दहावी निघणार नाही, आणि २०१५ च्या जानेवारीत तिचा उरलासुरला आधारही थांबला.

दुसऱ्या दिवशी काय झाले? काहीच झाले नाही. खाती उघडली, पावत्या निघाल्या, ताळेबंद जुळला. जुन्या साधनाचा खरा धोका येथेच आहे. ते एका दिवशी कोसळत नाही. नवा संगणक घ्यावा तर त्यावर ते नीट बसत नाही. नवे छपाईयंत्र त्यास ओळखत नाही. आणि ज्याने ते लिहिले तो मनुष्य पुण्यास अथवा मुंबईस निघून जातो. घराच्या वाशास वाळवी लागावी आणि कौले मात्र जागच्या जागी दिसावी, तसा हा प्रकार होतो.

अशा वेळी नव्या भाषांची यादी पुढे येते. पायथन १९९१ साली निघाली, जावा १९९५ साली, मायक्रोसॉफ्टची सी-शार्प २००० साली जाहीर झाली. प्रत्येकीचे भक्त आहेत. एक म्हणतो वेग पाहा, दुसरा म्हणतो नवलाई पाहा, तिसरा म्हणतो सध्या जग कोठे जात आहे ते पाहा. गावच्या कार्यालयास ह्यातील बहुतेक वाद निरुपयोगी असतात. त्याने पाहावयाचे ते निराळे. ही भाषा एकाच व्यापाऱ्याच्या मर्जीवर आहे, की तिचा सार्वजनिक मानदंड आहे? कोबॉलचा मानदंड १९६८ साली ठरला, सी भाषेचा १९८९ साली. एक दुभाष्या बंद पडला तरी दुसरा मिळतो, म्हणून त्या भाषा टिकल्या. ह्या भाषेत काम करणारा मनुष्य आपल्या गावात, निदान जिल्ह्यात, मिळतो काय? आज जो लिहून देईल तो गेल्यावर दुसऱ्यास ते वाचता येईल काय?

नाव सारखे आहे म्हणून विसंबूही नये. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ साली निघाली आणि फार लोकप्रिय झाली. २००२ साली त्याच नावाची पुढील भाषा आली, ती इतकी बदललेली की जुने काम तीवर सरळ नेता येईना. उलट पायथनचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. २००८ साली तिची तिसरी आवृत्ती आली, तीही दुसरीशी पूर्णपणे जुळणारी नव्हती; परंतु दुसरीचा आधार २०२० च्या आरंभापर्यंत चालू ठेवण्यात आला. अकरा वर्षे दोन्ही नांदल्या, आणि तेवढा काळ लागलाही.

महाराष्ट्रातील कार्यालयास आणखी एक कसोटी आहे, तिचा उल्लेख परदेशी ग्रंथांत सहसा सापडत नाही. ती म्हणजे मराठी अक्षरांची. आरंभीच्या संगणकांस देवनागरी ठाऊक नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे ठसे चढवून लोकांनी काम भागविले. पडद्यावर ‘गणपत’ दिसे. यंत्राच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ असे. ठसा काढून घेतला की नाव नाहीसे होई. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा राष्ट्रीय मानदंड १९९१ साली प्रसिद्ध झाला, आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेने ह्या क्षेत्रात मोठे काम केले. पुढे जगातील सर्व लिप्यांस स्वतंत्र क्रमांक देणारा ‘युनिकोड’ रूढ झाला. म्हणून जुनी व्यवस्था बदलताना केवळ आज्ञा नव्या भाषेत लिहून भागत नाही. खातेदारांची नावेही जुन्या ठशांतून सोडवून युनिकोडात आणावी लागतात. नवी भाषा युनिकोड सहज हाताळते की नाही, हा मराठी कार्यालयाचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

ह्याहूनही मोलाची एक गोष्ट आहे. समजा, कोकणातील एखादी पतसंस्था आपली जुनी फॉक्सप्रोची व्यवस्था टाकून नवी करावयास निघाली. जुन्या आज्ञावलीत एक ओळ आहे, ती काही कर्जांचे व्याज चार महिने सोडून देते. नव्या तरुणास ती चूक वाटते. वस्तुतः २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाने नुकसान झाले, तेव्हा संचालकांनी केलेल्या ठरावाची ती अंमलबजावणी असेल. ठरावाचे पुस्तक कपाटात, ओळ लिहिणारा गाव सोडून गेलेला, आणि त्या वेळचे कारकून निवृत्त. ती ओळ गाळली तर एखाद्या मच्छीमाराच्या खात्यावर जे व्याज कधीच लागू नव्हते, ते चढेल. आणि त्याच्याजवळ दाखवावयास पुरावा नसेल. यंत्राच्या कागदावर छापून आलेले खोटे कसे म्हणावे, असे त्यास वाटेल. भाषेच्या निवडीत खरे पणास लागते ते हे.

म्हणून शहाणी माणसे जुनी आज्ञावली आधी वाचावयास लावतात. प्रत्येक नियम कोणत्या ठरावावरून आला हे साध्या मराठीत लिहून काढतात. मग नवी व्यवस्था उभी करतात, आणि काही महिने जुनी व नवी दोन्ही शेजारी चालवून रोजच्या उत्तरांचा ताळा घेतात. ताळा जुळेपर्यंत जुनीस निरोप देत नाहीत. ह्यास वेळ लागतो आणि खर्चही दुप्पट होतो. पण घाईने टाकलेल्या दप्तराचा खर्च ह्याहून जबर असतो.

जगानेही हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. जागा वाचावी म्हणून जुन्या आज्ञावल्यांत सालाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची रीत होती. २००० साल जवळ आले, तसे ‘००’ म्हणजे १९०० की २००० हा घोटाळा उभा राहिला. मेलेली समजलेली कोबॉल भाषा वाचणारांस एकाएकी मागणी आली. मुंबई-पुण्याच्या कितीतरी तरुणांनी त्या वर्षांत आपल्या जन्मापूर्वी लिहिलेल्या ओळी वाचून दुरुस्त केल्या. पुढे २०२० च्या एप्रिलात साथीच्या दिवसांत बेकारांच्या भत्त्याचे अर्ज इतके वाढले, की अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानच्या गव्हर्नरास कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांस जाहीर हाक मारावी लागली. साठ वर्षांच्या भाषेत बांधलेल्या व्यवस्थेवर तेथील असंख्य कुटुंबांचा भत्ता अवलंबून होता.

ह्यावरून जुनेच धरून बसावे असा निष्कर्ष निघत नाही. टिफ्रॅक जावयासच हवा होता, आणि छापखान्याच्या युगात मोडी कारभाराची लिपी राहणे शक्य नव्हते. बदल वेळेवर करावा, जुने जाणणारा मनुष्य अजून कार्यालयात बसलेला आहे तोवर करावा. पेशवे दप्तर उघडले गेले ते मोडी वाचणारे हयात असताना, म्हणून ते ४५ खंड आज कोणत्याही ग्रंथालयात बालबोधीत वाचता येतात. जे रुमाल तेव्हा उघडले गेले नाहीत, ते अजून वाचणाराची वाट पाहत आहेत.